कल्ट रॉक बँडवर माहितीपट: मुलाखती टाळायच्या आहेत, हातात फक्त जुन्या टेप्स

कच्ची_रीळ

एका मोडलेल्या रॉक बँडवर साधारण ८० मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. बँड सहा वर्षं चालला, तीन अल्बम, खप नगण्य. पण ज्यांनी ऐकला त्यांनी अजून सोडलेला नाही, त्या जातीचा.

हातात असलेला माल: ३१ व्हीएचएस (२३ पाल आणि ८ एनटीएससी, म्हणजे टीव्हीच्या दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या; बहुतेक प्रेक्षकांतून एकाच कॅमेऱ्याने घेतलेले कार्यक्रम, थोड्या तालमी), ६ हाय-८ व्हिडिओ टेप्स, सुपर ८ फिल्मची ४ काडतुसं (मुकी, १८ फ्रेम्सवर), १९ कॅसेट. त्यांतल्या ५ कॅसेट चार-ट्रॅक मशिनवरच्या डेमो आहेत; साध्या डेकवर लावल्या की गायिकेचा आवाज राक्षसासारखा येतो आणि दुसरी बाजू चक्क उलटी वाजते. शिवाय पोस्टरं, फॅन्झिनं (चाहत्यांनी काढलेली हौशी मासिकं), एक पेटीभर पत्रं.

गायिका कॅमेऱ्यासमोर येणार नाही, फक्त आवाज द्यायला तयार आहे. ड्रमर हयात नाही आणि त्याचं बोलणं कुठेही रेकॉर्ड झालेलं नाही. गाण्यांचे हक्क तिघांत विभागलेले आहेत.

सोफ्यावर बसून आठवणी सांगणारी माणसं नकोत, 'यांनी संगीताचा चेहरामोहरा बदलला' म्हणणारे प्रसिद्ध चाहतेही नकोत. उदय, व्यसन, फूट, पुनर्मिलन ही मळलेली वाटही नको. मग आकार कशातून काढायचा? टेप्स कशा उतरवायच्या? आणि हक्कांचं काम कधी सुरू करायचं?

---

संकलन_टेबल

आकार आधी ठरवून टेप बघायला बसू नका. सगळं पाहून झालं की आपल्याकडे काय नाही, याची यादी करा. चौकटीबाहेरचे जे बँडपट लक्षात राहिले, त्यांतल्या बऱ्याच जणांचा आकार त्या खड्ड्यातूनच निघालेला दिसतो.

टॉड हेन्सचा 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' (२०२१) घ्या. त्या बँडच्या मैफिलींचं आवाजासकट चित्रीकरण जवळजवळ नाहीच. म्हणून पडद्याचे तुकडे करून त्या काळच्या प्रायोगिक फिल्म्स आणि अँडी वॉरहॉलच्या स्क्रीन टेस्ट (एकेका माणसाच्या चेहऱ्याच्या मुक्या फिल्म्स) वापरल्या. त्या टेस्ट २४ फ्रेम्सवर घेतलेल्या आणि १६ वर दाखवायच्या, त्यामुळे माणूस नुसता बघत असला तरी पापणी जरा जड पडते. बोलायलाही तेव्हा तिथे असलेलीच माणसं घेतली. याच्या उलट जेम कोहेनचा फुगाझी या बँडवरचा 'इन्स्ट्रुमेंट' (१९९९). तिथे १९८७ पासूनचं दहा-अकरा वर्षांचं सुपर ८, १६ एमएम आणि व्हिडिओ असं भरपूर होतं, म्हणून समजावून सांगायची गरजच ठेवली नाही. गाणी लांबलचक चालू देतो आणि मध्येच बाहेर ताटकळणाऱ्या प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा रोखून धरतो. पेव्हमेंट या बँडवरच्या 'पेव्हमेंट्स' (२०२४) मध्ये तर खोटा चरित्रपट, रंगमंचावरचं म्युझिकल आणि संग्रहालय असे तीन उद्योग एकत्र केले आहेत. त्या बँडचा स्वभावच तिरकस, त्यामुळे सरळ आरती ओवाळली असती तर खोटी वाटली असती. मात्र नक्कल करायला सगळ्यांत महाग तोच: एका चित्रपटासाठी तीन निर्मितींचा खर्च.

तुमचे खड्डे दोन. गायिकेचा आजचा चेहरा नाही आणि ड्रमरचा आवाज नाही. म्हणजे नियम जवळजवळ लिहूनच आलाय: आवाज आजचा, चित्र तेव्हाचं. आजचं काही दाखवायचंच तर माणसांविना, तालमीची खोली, अॅम्पची मागची बाजू, केबलचा गुंता. आणि ड्रमर बोलत नाही तर वाजवू दे. चार-ट्रॅक डेमोंवर ड्रम स्वतंत्र ट्रॅकवर निघाले तर मिनिट-दीड मिनिट फक्त तेच चालवा, काळ्या पडद्यावर. त्याच्याविषयी चार जणांनी हळहळण्यापेक्षा ते जास्त बोलेल.

गायिकेची मुलाखत दीड-दीड तासाच्या तीन बैठकांत घ्या. जुनी टेप तिला दाखवत रेकॉर्ड करा, पण टेपचा आवाज तिच्या हेडफोनमध्येच द्या. स्पीकरवर लावलात तर मागचं गाणं तिच्या बोलण्यात मुरतं. मग वाक्य कापता येत नाही, आणि त्या गाण्याची परवानगीही गळ्यात पडते. टेप सुरू करताना एक टाळी वाजवा, म्हणजे तिचं बोलणं चित्राखाली नेमकं बसवता येईल. एक कॉलर माइक, एक बूम, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बैठक संपल्यावर खोलीची शांतता मिनिटभर. संकलनात तिच्या वाक्यांमधली भोकं भरायला तीच लागते. 'तेव्हा कसं वाटलं' विचारलं की दहादा सांगून गुळगुळीत झालेलं उत्तर येतं. 'दुसरा अंतरा का गाळला?', 'डावीकडे खाली बसलेला कोण?' असं विचारा.

तीन गाणी निवडा जी अथपासून इतिपर्यंत, मध्ये कोणाचंही बोलणं न घालता वाजतील. पहिलं, पहिल्या दहा मिनिटांत. बँड माहीत नसलेल्या माणसाला इथे बसायचं की उठायचं हे तेवढ्यातच ठरवायचं असतं. बाकी सगळं या तीन खांबांना बांधा, सनावळीला नको.

चौकटीचा एक व्यवहारी मुद्दा. १९२०×१०८० च्या पडद्यावर ४:३ चित्र पूर्ण उंचीने लावलंत तर ते १४४०×१०८० होतं, म्हणजे पालची ५७६ ओळींची उंची जवळपास १.९ पट ताणली जाते. तीच दोन चित्रं शेजारी-शेजारी ठेवलीत तर प्रत्येक ९६०×७२० चं होतं, ताण फक्त सव्वापट, वर-खाली १८० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या. प्रेक्षकाला वाटतं ही शैली आहे. निम्मं श्रेय व्हीएचएसची लाज झाकण्याला. पण दोन्ही चौकटींत एकाच वेळी हालचाल ठेवू नका. एकीत गाणं, दुसरीत जवळपास स्थिर काहीतरी: पोस्टर, प्रेक्षकातला एक चेहरा.

पोस्टरं आणि फॅन्झिनं उडवत-फिरवत दाखवायचा मोह होतो. स्थिर ठेवा, सहा-सात सेकंद, वाचता येतील अशी. सुपर ८ च्या एका काडतुसात १८ फ्रेम्सनी ३ मिनिटं २० सेकंद मावतात, म्हणजे चार मिळून १३ मिनिटं २० सेकंद. सगळ्यात देखणा माल हाच, म्हणून लोक तो पहिल्या दहा मिनिटांत उधळतात आणि शेवटी हात चोळत बसतात. निम्मा तरी शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखा.

---

ट्रॅकिंग_बटण

टेप्सबद्दल. घाईने डेकमध्ये काहीही सारू नका. आधी टेपच्या खिडकीतून रिळावर उजेड पाडून बघा. कडांवर पांढरट पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. ती टेप बाजूला. एक बुरशीची टेप डेकचं हेड खराब करते आणि तोच डेक पुढच्या दहा टेप्सना प्रसाद वाटतो. बाकीच्या टेप्स आधी एकदा शेवटापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं पडून ताण असमान झालेला असतो.

डेक एस-व्हीएचएसचा, आत टीबीसी (टेपच्या चित्रातली वेळेची थरथर सरळ करणारं सर्किट) असलेला, आणि बाहेर काढायचं ते एस-व्हिडिओनेच. पिवळ्या पिनेची कंपोझिट वायर वापरली की रंग आणि उजेड एकमेकांत मिसळतात, चेक्सच्या शर्टावर इंद्रधनुष्य नाचतं. टीबीसी नसेल तर चित्राची वरची कड झेंड्यासारखी वाकते आणि कॅप्चर कार्ड फ्रेम्स गाळतं. गाळलेल्या फ्रेम्समुळे ताल हळूहळू सरकतो आणि तासाच्या शेवटी ड्रमची काठी आधी पडते, आवाज मागून येतो. स्वस्त यूएसबी डोंगलचा नेहमीचा आजार हाच.

कॅप्चर १० बिट ४:२:२ (रंगाचा तपशील जास्त राखणारं), एफएफव्ही१ या आटवणाऱ्या कोडेकमध्ये, एमकेव्ही फाइलच्या पेटीत. अनकंप्रेस्ड ठेवलंत तर पालचा एक तास ९३ जीबीच्या आसपास जातो, एफएफव्ही१ मध्ये साधारण ४० मध्ये भागतं आणि एक बिटही हरवत नाही. ३७ टेप्स सरासरी दोन तास धरा: ७४ तास, सुमारे ३ टीबी. ४ टीबीच्या तीन डिस्क घ्या. तीन प्रती, त्यातली एक वेगळ्या इमारतीत. आत्ताच एच.२६४ (तपशील गाळून आटवणारं स्वरूप) करून ठेवलंत तर धुराने भरलेल्या स्टेजचे चौकोन पडतील आणि मागे येता येणार नाही.

आवाजाचे दोन माग असतात. हाय-फाय माग चित्राच्याच हेड-ड्रमवरून लिहिला जातो, चांगला असतो, पण ट्रॅकिंग हललं की गुरगुरतो. टेपच्या कडेचा लिनिअर माग मळकट पण चिवट. डेकवर दोन्ही निवडता येतात. हाय-फाय गुरगुरत असेल तर लिनिअर वेगळा उतरवून ठेवा, पुढे भोकं बुजवायला होतो.

हाय-८ लवकर उतरवा, त्या टेपांत ड्रॉपआउट (क्षणभर सिग्नल जाणं) फार. जुने काही डिजिटल-८ कॅमेरे हाय-८ वाजवून फायरवायर केबलने डीव्ही (आटवलेला डिजिटल व्हिडिओ) देतात. सोयीचं आहे, पण रंग महत्त्वाचा असेल तर कॅमेऱ्याच्या एस-व्हिडिओतूनच घ्या.

आता राक्षस. तुमचं चार-ट्रॅक मशिन दुप्पट वेगाचं होतं. साधी कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंमी चालते, बऱ्याच पोर्टास्टुडिओ जातीच्या मशिन्स ९.५ ने, १९७९ चा टीॲकचा पहिला १४४ सुद्धा त्यातलाच. शिवाय चारही ट्रॅक एकाच दिशेने लिहिलेले. म्हणून साध्या डेकवर पहिल्या बाजूला ट्रॅक १ आणि २ अर्ध्या वेगाने, एक सप्तक खाली येतात, आणि बाजू पालटली की ३ आणि ४ उलटे.

त्याच जातीचं चालू मशिन मिळालं तर उत्तम, चारही ट्रॅक एकदम उतरवा. न मिळाल्यास साध्या स्टिरिओ डेकवर दोन्ही बाजू ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घ्या, नॉइज रिडक्शन बंद ठेवून. मग सॉफ्टवेअरमध्ये वेग दुप्पट करा (सूर सांभाळणारा टाइम-स्ट्रेच नव्हे; वेग आणि सूर दोन्ही सोबत चढले पाहिजेत), दुसरी बाजू उलटवा, आणि गाण्याच्या सुरुवातीच्या काठ्यांच्या ठोक्यावर चारही जुळवा. जुळलेलं टिकत नाही. दोन वेळा वाजवताना डेकची चाल सूतभर वेगळी पडते, म्हणून दर वीस-तीस सेकंदांनी पुन्हा ओढून बसवावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण स्वतंत्र ड्रम मिळवायचा दुसरा प्रामाणिक मार्ग नाही.

आवाज अती कर्कश आणि दम लागल्यासारखा फुगत-आक्रसत असेल तर टेप डीबीएक्स या खरखर दाबणाऱ्या पद्धतीने लिहिलेली आहे. त्याचं डिकोडिंग वेग दुरुस्त केल्यावर करायचं, आधी केलं तर चुकतं. आणि प्रत्येक कॅसेटला हेडची अॅझिमथ (टेपशी असलेला कोन) नव्याने लावा: दोन्ही चॅनल मोनो करून ऐका, हेडशेजारचा छोटा स्क्रू केसभर फिरवा, झांजांची चमक सगळ्यात जास्त येईल तिथे थांबा.

---

कच्ची_रीळ

एका डेमोवर पहिल्या ट्रॅकला खरोखर फक्त ड्रम आहेत, आत्ता तपासलं. दोन शंका. पैसे लावणाऱ्यांचा आग्रह आहे की व्हीएचएस एआयने ४के करावं. आणि जिथे वेगळे ट्रॅक नाहीत तिथे डेमक्ससारख्या, मिसळलेल्या गाण्यातून वाद्यं वेगळी काढणाऱ्या एआय साधनाने ड्रम सोडवून घेतले तर?

---

ट्रॅकिंग_बटण

डेमक्स जरूर चालवा, पण मदतनीस म्हणून. गाण्याखाली बोलणं बसवायचंय आणि गायन बोलण्याशी भांडतंय, तिथे गायन सहा डेसिबल खाली घ्यायला झकास. एकटे ड्रम काढून पडद्यावर उघडे टाकलेत तर झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या येतात. आणि सोडवलेला ड्रमसुद्धा मूळ रेकॉर्डिंगच, हक्क बदलत नाहीत.

४के: व्हीएचएसमध्ये आडवा तपशील २४० ओळींच्या आसपास असतो. वरचं सगळं यंत्र रचतं. गिटारच्या तारांची संख्या दर फ्रेमला बदलते, हलती काठी गायब होते, मागच्या रांगेतल्या माणसांना दात फुटतात. व्हीएचएसचं चित्र एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांनी, म्हणजे फील्डांनी बनतं; आधी ते नीट डीइंटरलेस करा, लोकांना '४के' म्हणून जे हवं असतं त्यातलं निम्मं तिथेच मिळतं. क्यूटीजीएमसी या साधनाने ५० फील्डचे ५० पूर्ण फ्रेम करा. दोन फील्ड एकमेकांत मिसळून २५ केलेत तर ड्रमरला चार हात दिसतात. फील्डचा क्रम तपासा: डीव्हीत खालचा फील्ड आधी, पालच्या बाकीच्या कॅप्चरमध्ये बहुधा वरचा. क्रम उलटा लागला की हात पुढे जाऊन मागे झटका घेतो, लगेच कळतं. चित्राच्या तळाच्या आठ-दहा ओळींतला फाटका पट्टा आमच्या मते राहू द्यावा.

---

संकलन_टेबल

त्याला जोडून: ड्रमरचा आवाज 'तयार' करायचं कोणी सुचवलं तर तिथेच थांबवा. आर्काइव्हल प्रोड्यूसर्स अलायन्सने २०२४ मध्ये माहितीपटांत जनरेटिव्ह एआय वापरण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. गाभा हा की प्रेक्षकाला खऱ्या आणि बनवलेल्या चित्रातला फरक कळला पाहिजे. नव्याने घेतलेलं सुपर ८ जुन्यात बेमालूम मिसळणं हासुद्धा त्याच घरचा प्रकार. घ्यायचंच तर काहीतरी खूण ठेवा, चौकटीचा आकार वेगळा किंवा रंग वेगळा.

---

क्लिअरन्स_डेस्क

हक्कांचं काम पहिल्या आठवड्यात. संकलन झाल्यावर विचारायला गेलात तर समोरच्याला कळतं की आता तुम्ही ते गाणं काढू शकत नाही, आणि आकडा तसाच येतो.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. रचना, म्हणजे शब्द आणि चाल, तिला लागतो सिंक परवाना. तो लेखक किंवा प्रकाशकाकडून. आणि रेकॉर्डिंग, त्याला मास्टर वापराचा परवाना. तो लेबलकडून किंवा ज्याच्याकडे मास्टर आहे त्याच्याकडून. दोन्ही हवेत. रचना तिघांत विभागलेली असेल तर तिघांच्या सह्या हव्यात. दोघं हो म्हणाले आणि तिसरा पत्रालाच उत्तर देत नाही, तर गाणं अडकलं. ड्रमर लेखकांत असेल तर त्याचा हिस्सा वारसांकडे गेलेला असतो. अनेक देशांत तो मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो. म्हणून प्रत्येक गाण्यापुढे कोणाचे किती टक्के, हे आजच लिहून तिघांकडून मान्य करून घ्या. बँड मोडण्याचं कारण बहुतेकदा याच तक्त्यात सापडतं, तेव्हा पत्रव्यवहार जपून.

प्रेक्षकातून घेतलेली व्हीएचएस फुकट, हा गैरसमज. लेबलचं मास्टर त्यात नाही एवढंच. चित्रीकरण करणाऱ्याचा हक्क आहे, वादकांचे प्रयोगाचे हक्क आहेत, आणि रचनेचा परवाना तर लागतोच. टेप ज्याच्या कपाटात सापडली तो मालक असेलच असं नाही, कॅमेरा कोणाच्या हातात होता ते विचारून लिहून घ्या. पत्रांचंही तेच: कागद ज्याला मिळाला त्याचा, मजकूर लिहिणाऱ्याचा.

मास्टर महाग पडतं म्हणून गाणी पुन्हा वाजवून घ्यायची युक्ती निघते. तीन अडचणी. सिंक तरीही लागतोच. जुन्या लेबलच्या करारात पुनर्ध्वनिमुद्रणाला ठरावीक वर्षं मनाई असू शकते. आणि कल्ट बँडचे चाहते दुसऱ्या सेकंदाला ओळखतात. तुमच्या बाबतीत खरी सुटका डेमोंत आहे. बँडने स्वतःच्या मशिनवर, स्वतःच्या खर्चाने केलेले डेमो लेबलकडे गेलेले नसतील तर मास्टर बँडकडेच आहे. करारात 'डेमो' शब्द कुठे येतो तेवढं वकिलाकडून वाचून घ्या. शेवटी वापरलेली निम्मी गाणी डेमो रूपात असली तर खर्चही उतरतो आणि चाहत्यांनी न ऐकलेलं काही मिळतं.

पैसे कमी असतील तर आधी फक्त महोत्सवांपुरता, एक-दोन वर्षांचा परवाना घ्या. पण पुढच्या टप्प्यांचे दर, म्हणजे सिनेमागृह, टीव्ही, स्ट्रीमिंग, जग, कायमस्वरूपी, त्याच करारात आकड्यांसकट लिहून घ्या. चित्रपट गाजल्यावर विचारलेला दर निराळा असतो. 'मोस्ट फेव्हर्ड नेशन्स' कलम दिसलं की थांबा: एकाला वाढवून दिलंत की ते कलम असलेल्या सगळ्यांना तेवढंच द्यावं लागतं. एका हट्टी प्रकाशकापायी संपूर्ण अंदाजपत्रक असं उडतं.

फेअर यूज हे अमेरिकन कायद्यातलं. तीन पूर्ण गाणी त्यात बसवायचा प्रयत्न करू नका. वितरक चुका-वगळणुकीचा विमा (हक्कांवरून दावा झाला तर भरपाई देणारा) मागतो आणि विमा कंपनी प्रत्येक फोटोचा कागद मागते. म्हणून टेप्सच्या नोंदवहीतच एक रकाना ठेवा: कोणी टिपलं, सही आली का. गाण्याचे शब्द किंवा त्यांचा अनुवाद सबटायटलमध्ये द्यायचे असतील तर तेही प्रकाशकाच्या करारात घाला.

---

ट्रॅकिंग_बटण

एक राहिलं, तुमच्या ८ एनटीएससी टेप्स. टाइमलाइन २५ ची ठेवा, कारण माल जास्त पालचा आहे. गाण्यासाठी एनटीएससीचा वेग बदलू नका, ५९.९४ पूर्ण फ्रेम्स करून मग मोशन-कॉम्पेन्सेटेड (हालचालीच्या अंदाजाने मधल्या फ्रेम्स बनवणारं) रूपांतर, आणि झांजांपाशी थांबून तपासा. मुक्या दृश्यांना मात्र ते ५९.९४ फ्रेम्स सरळ २५ वर चालवले की एकही फ्रेम न बनवता ४२ टक्के वेगाचं स्लो मोशन मिळतं. शेवटी कोणी २४ चा डीसीपी (सिनेमागृहाची डिजिटल प्रत) मागितला तर आधी २५ चालतो का विचारा, बहुतेक ठिकाणी चालतो. २५ वरून २४ वर ओढलं की सूर जवळजवळ पाऊण सेमीटोन उतरतो, आणि हा संगीताचा चित्रपट आहे.

एकाच कार्यक्रमाची व्हीएचएस आणि कॅसेट दोन्ही असतील तर कॅसेटचा आवाज चित्राखाली घाला, पण ०.१ टक्का वेगफरकसुद्धा दहा मिनिटांत १५ फ्रेम्स सरकवतो. वेग बरोबर कोणाचा, हे कानाने ठरवू नका. रेकॉर्डिंगमध्ये गिटार अॅम्पची घरघर असतेच, तिची कंपनसंख्या त्या जागच्या विजेची. गाण्यांच्या मधल्या शांततेचा स्पेक्ट्रम (कोणत्या कंपनसंख्येचा आवाज किती, याचा आलेख) काढा. ५० हर्ट्झची रेघ ५१.५ वर दिसली तर कॅसेट ३ टक्के जोरात धावतेय, तेवढी खाली आणा. फक्त ती घरघर तुमच्या डेकची नाही ना हे टेप थांबवून एकदा बघा. आणि एनटीएससी टेप्स दौऱ्यावरच्या असतील तर आधी वीज कुठली होती ते पाहा. तिथे रेघ ६० वर शोधावी लागेल.